वऱ्हाडातला वकील कुठे शिकला?

१८९७ च्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष चेट्टूर शंकरन नायर, मद्रासचे वकील. स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे, अमरावतीचे वकील. त्या काळचे अमरावतीतले दुसरे मोठे नाव रंगनाथ नरसिंह मुधोळकर, तेही वकीलच. पुढे १९१२ साली ते बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. तिसरे मोरोपंत जोशी. १९२८-२९ मध्ये संमतिवयाच्या प्रश्नावर सरकारने जी समिती नेमली तिचे हे अध्यक्ष, म्हणून तिला जोशी समिती म्हणतात. तेही अमरावतीच्या कोर्टातलेच. थोडक्यात काय, त्या काळी वऱ्हाडचे सार्वजनिक जीवन काळ्या कोटातच वावरत होते.

शाळेत इतिहास शिकवताना ही नावे मी फळ्यावर लिहीत असे. मुले ती पाठही करीत. पण त्यांच्याबद्दल एक साधा प्रश्न पाठ्यपुस्तकात कधी नसे: ही मंडळी कायदा शिकली कुठे? कारण त्या वेळी अमरावतीत लॉ कॉलेज सोडाच, साधे कॉलेजही नव्हते. किंग एडवर्ड कॉलेज, ज्याला आपण पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणू लागलो, ते निघाले १९२३ साली.

उत्तर असे की जो तो जमेल तिकडे गेला. खापर्डे मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये शिकले, १८८४ साली एलएलबी झाले, काही वर्षे वऱ्हाडात मुन्सफी वगैरे सरकारी नोकरी केली आणि १८९० पासून अमरावतीत वकिली सुरू केली. वणीचे बापूजी अणे थेट कलकत्ता विद्यापीठाचे एलएलबी, साल १९०७, वकिली यवतमाळला. पापळचे पंजाबराव देशमुख तर विलायतेला गेले, एडिंबरो आणि ऑक्सफर्ड करून बॅरिस्टर झाले आणि १९२६ साली परतले. मुंबई, कलकत्ता, लंडन. वऱ्हाडच्या माणसाला वकील व्हायचे तर आधी आगगाडीत, नाहीतर बोटीत बसावे लागे. आणि त्या तिकिटाचे पैसे ज्याच्या घरात होते त्याचाच मुलगा वकील होई, हे वेगळे सांगायला नको. पाटलाचा, देशमुखाचा, शिकलेल्या ब्राह्मणाचा. धुऱ्यावर राबणाऱ्याचा नव्हे.

आता या लोकांना शिकवणारी शाळा कशी होती तेही पाहू. मुंबईचे सरकारी लॉ स्कूल १८५५ चे. पहिली सत्तर वर्षे ते अर्धवेळच चालले. कोर्टात वकिली करणारे लोक येऊन व्याख्यान देत आणि विद्यार्थी बाकीचा दिवस दुसरे काहीतरी करीत. पूर्णवेळ कॉलेज व्हायला १९२५ साल उजाडले. (त्याच कॉलेजात पुढे बाबासाहेब आंबेडकर शिकवीत असत आणि १९३५ ते १९३८ ते तिथे प्राचार्य होते.) म्हणजे आजचे तपासनीस खापर्ड्यांच्या काळच्या त्या लॉ स्कूलमध्ये गेले असते, तर इमारत, पूर्णवेळ प्राध्यापक, तासांची संख्या अशा प्रत्येक रकान्यात त्यांनी शून्य मांडले असते. आणि तिथून बाहेर काय पडले ते आपण वर पाहिलेच.

यावरून काही लोक लगेच निष्कर्ष काढतात की कॉलेजने काही फरक पडत नाही, हुशार मुलगा कुठेही चमकतो. मला हे पटत नाही. खापर्डे चमकले कारण त्यांच्याजवळ संस्कृत होते, इंग्रजी होते, घरचे पाठबळ होते आणि उमेदीची काही वर्षे पोटाची चिंता न करता घालवता येत होती. शाळेने जे दिले नाही ते घराने दिले. ज्याच्या घरात हे नाही त्याला ते शाळेनेच द्यावे लागते. म्हणून कॉलेजची परीक्षा घ्यायची तर ती खापर्ड्यांवरून घेऊन चालत नाही.

त्या काळी खालच्या पायरीवर दुसरीही मंडळी होती. १८७९ च्या कायद्याने प्लीडर, मुखत्यार आणि महसुली कामे करणारे एजंट अशा पायऱ्या मान्य केलेल्या होत्या. त्यांना विद्यापीठाची पदवी लागत नसे, परीक्षा देऊन सनद मिळे. कचेरीबाहेर सतरंजी टाकून बसणारा अर्जनवीस तर त्याहून खाली, पण खेड्यातल्या माणसाला कायदा म्हणजे तोच. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने या सगळ्या पायऱ्या मोडून वकिलांचा एकच वर्ग केला. चांगले झाले. पण त्यामुळे पदवीचे मोल एकदम वाढले, आणि पदवी देणारे कॉलेज गावाजवळ असणे ही गरज झाली.

१९२३ साल वऱ्हाडच्या दृष्टीने मोठे म्हणायला हवे. अमरावतीचे कॉलेज त्या वर्षीचे, नागपूर विद्यापीठही त्याच वर्षीचे, आणि स्त्रियांना वकिली करता येईल असा कायदाही १९२३ चाच. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देऊन बसल्या होत्या, त्यांना तीस वर्षे या कायद्याची वाट पाहावी लागली. असो. १९२५ मध्ये नागपूर विद्यापीठाचे लॉ कॉलेज निघाले आणि वऱ्हाडच्या मुलाला मुंबईऐवजी नागपूर चालू लागले. मोहम्मद हिदायतुल्ला, जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले, ते १९३५ ते १९४३ या काळात तिथे शिकवीत. १९३६ साली नागपूरला हायकोर्टही आले. बदनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने निघावे, सकाळी नागपूर.

स्वातंत्र्यानंतर लॉ कॉलेज आणखी जवळ आले. अमरावतीला पंजाबरावांनी १९३२ साली स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे, त्यांचेच नाव असलेले. अकोल्याला बेरार जनरल एज्युकेशन सोसायटीचे. ही दोन कॉलेजे निघाली आणि वऱ्हाडातल्या वकिलाचा चेहराच बदलला. मी नोकरीला लागलो त्या सुमारास, सत्तरीच्या दशकात, आमच्याच शिक्षकांच्या खोलीतले दोघे जण कायदा शिकत होते. एक तहसीलमधला कारकून होता, एक एसटीतला. कुणी पगारवाढीसाठी शिकत होते, कुणी खात्यातल्या परीक्षेसाठी, कुणी निवृत्तीनंतर कोट घालू म्हणून. आणि कुणी घरची शेतीची केस लढायची म्हणून! यातले किती जण खरोखर कोर्टात उभे राहिले? फार थोडे. पण ज्यांच्या घराण्यात सात पिढ्या कोर्ट म्हणजे आरोपी, कूळ किंवा साक्षीदार म्हणूनच पाहिले होते, त्यांच्या घरातला एक माणूस कलम वाचू लागला. याची नोंद कुठल्या तक्त्यात करणार?

याची दुसरी बाजूही पाहिलेली आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. त्याच काळात अशीही कॉलेजे होती (नाव कशाला घ्यायचे) की तिथे प्रवेश घेतला की मुलगा थेट परीक्षेलाच दिसे. हजेरी कागदावर, अभ्यास गाईडमधून, आणि पदवी घरपोच म्हणावी अशी. आमच्या शेताच्या धुऱ्याचा वाद कोर्टात गेला तेव्हा असाच एक नवा वकील आमच्या नशिबी आला. दावा दाखल करताना त्याने मोजणीच मागितली नाही. भूमी अभिलेखची मोजणी झाल्याशिवाय धुरा कुणाचा हे कोर्ट ठरवणार कसे? मोजणीचा अर्ज मागाहून झाला आणि दोन वर्षे नुसत्या तारखांत गेली. गाईडमध्ये धुरा नसतो.

हे सगळे आठवायचे कारण माझा एक जुना विद्यार्थी. दर्यापूरकडे खारपाणपट्ट्यात त्याची चार एकर कोरडवाहू शेती आहे. मुलगी मराठी माध्यमातून बीए झाली. तो मला म्हणाला, "सर, पोरगी म्हन्ते वकील व्हाचं हाय. अमरावतीले टाकू का पुन्याले? कोनतं कालेज चांगलं?" पुण्याला टाकायचे तर खोली, मेस आणि फी मिळून एक एकर विकावा लागेल, हे त्यानेच हिशेब करून सांगितले. तेव्हा प्रश्न साधा नव्हता. मी लगेच उत्तर दिले नाही. त्याला म्हटले, थांब, जरा पाहू दे.

पाहिले ते असे. प्रवेशाचा मामला आता पूर्वीसारखा कॉलेजच्या खिडकीवर राहिलेला नाही. २०१६ पासून महाराष्ट्रात कायद्याची सीईटी आहे, पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या आणि बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची वेगवेगळी, आणि प्रश्नपत्रिका मराठीतही असते. पदवीला ४५ टक्के लागतात, मागासवर्गीयांना सवलत. त्यामुळे 'आमच्याकडे कोण येतो' हे कॉलेज ठरवीत नाही, यादी ठरवते. यादीतला शेवटचा गुण पाहून लोक कॉलेजची पत ठरवतात. पण तो गुण सांगतो इतकेच की किती मुलांना तिथे जावेसे वाटले. पुण्याचा गुण वरचा असणारच. तिथे अख्ख्या महाराष्ट्रातली मुले अर्ज करतात. त्यावरून पुण्यात कायदा जास्त चांगला समजावून सांगतात असे सिद्ध होत नाही. शिकवणे मोजायचे तर आत आलेला आणि बाहेर पडलेला विद्यार्थी, या दोघांतला फरक मोजावा लागतो. हे आम्ही शाळामास्तर जाणतो. नव्वद टक्क्यांची मुले निवडून घेऊन पंचाण्णव टक्क्यांचा निकाल लावणाऱ्या शाळेचे मला कधी कौतुक वाटले नाही.

सरकारची देशपातळीवरची क्रमवारी असते, तिच्यात २०१८ पासून कायद्याच्या संस्थाही आहेत. तिच्यातले एक माप आहे बाहेर पडलेल्या मुलांना मिळालेल्या पगाराचे. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या फर्ममध्ये जाणाऱ्या मुलांसाठी हे माप ठीक. पण दर्यापूर, अचलपूर, मूर्तिजापूर किंवा अकोटच्या कोर्टात वकीलपत्र घेणाऱ्याला पगार कोण देतो? त्याचा रकाना कोराच. कंपनीत नोकरी न करणे हे ज्या धंद्याचे मूळ स्वरूप, त्या धंद्याची शाळा नोकरीच्या पगारावर मोजायची. मला तर ही गोष्ट मजेची वाटते.

अभ्यासाचे म्हणाल तर कागदावर सगळीकडे जवळजवळ तोच आहे. बार कौन्सिलचे २००८ चे नियम सर्वांना लागू. त्यात ७० टक्के हजेरी आहे, मसुदे लिहिण्याचा विषय आहे, मूट कोर्ट आहे, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे प्रत्यक्ष काम आहे, आणि एक दिवाणी व एक फौजदारी असे दोन खटले कोर्टात बसून पाहायचे व वहीत उतरवायचे असेही आहे. ही वही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या विद्यार्थ्याला मी सांगितले, कॉलेजात गेलास की इमारत पाहू नको, गेल्या वर्षीच्या दोन मुलांच्या वह्या दाखवा म्हणावे. दोन्ही वह्यांत एकच खटला त्याच शब्दांत उतरवलेला असेल तर नमस्कार करून परत ये. वहीत साक्षीदार काय म्हणाला, उलटतपासणीत कुठे अडखळला, तारीख का पडली हे मुलाच्या स्वतःच्या मोडक्यातोडक्या मराठीत असेल, तर ते कॉलेज चांगले, मग छताचे पत्रे गळके का असेनात.

आणखी एक गोष्ट, जी पुण्यामुंबईच्या तक्त्यात येत नाही. वऱ्हाडचा जमिनीचा कायदा निराळा घडला. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. प्रत्येक मालकाने आपले कागद मागे ठेवले. वऱ्हाडचे स्वतःचे लँड रेव्हेन्यू कोड १९२८ चे, कुळांसाठी १९५१ चा कायदा, मग मध्यप्रदेशचे १९५४ चे कोड, त्यातले भूमिस्वामी आणि भूमिधारी, मग विदर्भापुरता कूळकायदा १९५८ चा, आणि शेवटी १९६६ चा महाराष्ट्राचा महसूल कायदा. आज सातबाऱ्यावर 'वर्ग २' दिसतो त्याच्या पोटात कित्येकदा हा सगळा इतिहास असतो. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा कूळकायदा. तो शिकून आलेला वकील इकडच्या दाव्यात चाचपडतो. सावकारीचेही तसेच. २०१४ च्या सावकारी कायद्याच्या कलम १८ खाली, सावकाराने व्याजापोटी लिहून घेतलेली जमीन जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून परत मिळू शकते. हे कलम ज्या जिल्ह्यांत शेतकरी गळफास घेतात त्या जिल्ह्यांतल्या लॉ कॉलेजात घोटून घेतले पाहिजे, आणि कॉलेजच्या कायदेसाहाय्य केंद्रातून त्याचे अर्ज लिहून गेले पाहिजेत. असे किती अर्ज गेले, हा आकडा मला कुणी दिला तर पगाराचा आकडा मी मागणार नाही.

आता कुणी म्हणेल, अहो, आपल्या अमरावतीने तर देशाला सरन्यायाधीश दिला, आणखी काय पाहिजे? खरे आहे. न्या. भूषण गवई १४ मे ते २३ नोव्हेंबर २०२५ या काळात सरन्यायाधीश होते. जन्म अमरावतीचा, सुरुवातीची शाळा नगरपालिकेची, मराठी. कायद्याची पदवी अमरावती विद्यापीठाची. हे विद्यापीठच मुळी १९८३ चे, आणि गवईंची सनद १९८५ ची. ती बातमी आली त्या दिवशी इथल्या मराठी शाळांतल्या जुन्या मास्तरांची मान उंच झाली, माझीही झाली. वकील व्हायची इच्छा मुळात आपल्या वडिलांची, रा. सू. गवईंची, होती असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. पण त्यांचीच हकीगत नीट वाचली तर दिसते की सनद मिळाल्यावर ते दोन वर्षे बॅरिस्टर राजा भोसले यांच्या हाताखाली होते, जे महाधिवक्ता आणि हायकोर्टाचे न्यायाधीश राहिलेले. मग नागपूर खंडपीठातली वर्षानुवर्षांची वकिली. कॉलेजने दार उघडले, वकील केला तो चेंबरने.

तीच गोष्ट मुधोळकरांची. रंगनाथरावांचे चिरंजीव न्या. जनार्दन मुधोळकर १९६० ते १९६६ सर्वोच्च न्यायालयात होते. १९६४ साली सज्जनसिंग खटल्यात निकालाशी सहमत होऊनही त्यांनी एक शंका लिहून ठेवली: राज्यघटनेची काही मूलभूत वैशिष्ट्ये आहेत काय, आणि संसदेला ती बदलता येतील काय? हा विचार त्यांना पाकिस्तानच्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालावरून सुचला होता, हे विशेष. त्याच खंडपीठावर हिदायतुल्लाही होते आणि त्यांनीही शंका काढली. १९७३ च्या केशवानंद भारती निकालात ती शंका सिद्धांत झाली. देशाच्या घटनेला आधार देणारा एक विचार अमरावतीच्या वकिलाच्या घरात वाढलेल्या माणसाच्या लेखणीतून उतरला. घर, चेंबर, बार रूम. वऱ्हाडातल्या वकिलाची खरी शाळा शंभर वर्षे हीच होती.

आणि इथेच त्या दर्यापूरच्या मुलीची अडचण आहे. तिच्या घरात मुधोळकर नाहीत. पदवीनंतर बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा आहे. २०१० पासून सुरू झालेली ती परीक्षा सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये वैध ठरवली. ती ती पास होईल, अभ्यासू आहे. सनदेची फी हजारोंच्या घरात गेली होती. ३० जुलै २०२४ च्या निकालाने ती ७५० रुपयांवर, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ वर आली, हे फार मोठे काम झाले. तिला न्यायाधीश व्हायचे आहे. पण २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने, गवईंच्याच खंडपीठाने, कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली. निकाल मला योग्य वाटतो. कोर्ट न पाहिलेल्याने न्याय करू नये. मात्र ही तीन वर्षे खायचे काय? ज्युनिअरला खेड्याकडे महिना १५ हजार आणि शहरात २० हजार द्यावेत असे बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवले, पण ते सुचवणेच आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टात तर ज्येष्ठ वकिलालाच एखाद्या महिन्यात तेवढे सुटत नसतील.

म्हणून विद्यार्थ्याला मी शेवटी म्हटले, एकर विकू नको. अमरावतीला टाक, जवळ आहे, एसटीचा पास निघतो. वाचलेले पैसे या तीन वर्षांसाठी ठेव, मुलगी गळते ती तिथे गळते. आणि अमरावती काय, अकोला काय, प्रवेशाआधी कॉलेजला एकच विचार: गेल्या पाच वर्षांत इथून पास झालेल्या मुलींपैकी कितीजणी आज कोर्टात उभ्या आहेत, आणि पहिल्या दिवशी त्या कुणाच्या टेबलाशी बसल्या? तो विचारून आला. क्लार्क म्हणाला, अशी माहिती आम्ही ठेवत नाही. आतून एक वयस्कर सर ऐकत होते, ते बाहेर आले आणि त्यांनी तिथेच पाठकोऱ्या कागदावर जिल्हा कोर्टातल्या चार आणि दर्यापूरच्या दोन वकीलबाईंची नावे लिहून दिली.